जुळवून घेण्याची मर्यादा

दुसऱ्याशी जुळवून घ्यावे, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि आपला बाणा सोडू नये, हा उपदेशही आपण त्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. दोन्ही उपदेश हिताचे आहेत. परंतु व्यवहारात ते समोरासमोर उभे ठाकले म्हणजे मनुष्याची तारांबळ उडते. जो सतत जुळवून घेतो त्याला आपण मिंधा म्हणतो, प्रसंगी कणाहीनही म्हणतो; जो मुळीच जुळवून घेत नाही त्याला हेकट ठरवितो. या दोहोंमधली रेषा कोठे आखावयाची, हा नीतिविचारातला जुनाच प्रश्न आहे. तथापि भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांना तो दररोज भेटतो. दुकानात भेटतो, कचेरीत भेटतो आणि मुलांच्या शाळेच्या दारातही भेटतो.

मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके अशा सीमेवर वसले आहेत. १९५६ सालापर्यंत नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी होती आणि हा मुलूख तिच्या उंबरठ्यावरच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भातील आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या या दोन तालुक्यांसह, नव्या मध्यप्रदेशात राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. संत्र्याचा भाव नागपूरचा, जमिनीचा कागद मध्यप्रदेशचा. पोळ्याचा सण वऱ्हाडासारखा, आणि जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंतापुढे दोन्ही राज्यांचे भाविक एकाच रांगेत उभे. इथल्या माणसाला जुळवून घेण्याची कला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती कोठवर चालवावी, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एका जुन्या यंत्राचा दृष्टांत घ्यावा असे वाटते. ते यंत्र म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाला संगणकाशी बोलते करणारा मोडेम. संतांनी जात्याचा, मोटेचा आणि मागाचा दृष्टांत वर्ज्य मानला नाही. तेव्हा देवळाच्या ओसरीवर बसून मोडेमचा विचार केल्यास औचित्यभंग होणार नाही, अशी आशा आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मोठ्या महानगरांत सुरू केली. तालुक्याच्या गावी ती यावयास आणखी काही वर्षे गेली. २००० सालाच्या आगेमागे अशा गावांतून एखाद्या दुकानात, एखाद्या महाविद्यालयात, एखाद्या हौशी घरात संगणकाशेजारी ही लहानशी पेटी दिसू लागली. दूरध्वनी लावल्यावर तिच्यातून प्रथम शिट्टी, मग खरखर, मग घरघर असा विचित्र आवाज येई. आज ती पेटी अडगळीत गेली आहे. अमेरिकेतील एओएल या प्रख्यात कंपनीनेही आपली तशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. परंतु त्या खरखरीत जे घडत असे, ते समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोन अंकांची. दूरध्वनीची तार मात्र माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. सुमारे ३०० पासून ३४०० पर्यंत कंपनांचा आवाज तेवढा ती वाहून नेते. म्हणून एका बाजूचा मोडेम अंकांचे ध्वनीत रूपांतर करी आणि दुसऱ्या बाजूचा मोडेम त्या ध्वनीचे पुन्हा अंक करी. हे काम सुरू होण्यापूर्वी दोघांना एकमेकांची ओळख करून घ्यावी लागे. ज्याने फोन उचलला तो प्रथम २१०० कंपनांचा एक स्वर लावी. मग दोघेही आपल्याला कोणकोणत्या पद्धती येतात हे सांगत आणि दोघांना सामाईक अशी सर्वांत चांगली पद्धत निवडीत. त्यानंतर तार कशी आहे हे पाहण्यासाठी निरनिराळे स्वर सोडून तिची परीक्षा होई. आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी कोणता आणि समोरच्याचा आवाज कोणता, हे वेगळे ओळखण्याचा सरावही तेवढ्यात उरके. ही सारी बोलणी संपल्यावरच पहिला खरा शब्द जात असे.

या पेटीला आज्ञा देण्याची रीत १९८१ साली अमेरिकेतील हेज या कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर रूढ झाली. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही दोन अक्षरे असत. ‘अटेन्शन’ या शब्दाची ती खूण. आपल्या भाषेत ‘अवधान’. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे जे मागितले तेच हे. हेज कंपनी १९९९ साली मोडीत निघाली, परंतु तिची ही आज्ञापद्धती तिच्यामागे राहिली. आजच्या भ्रमणध्वनीतील मोडेमही पुष्कळदा याच आज्ञा ऐकतात. ज्यांनी रीत घातली ती माणसे जातात, संस्था मोडतात, आणि रीत उपयोगाची असेल तर राहते. मंदिर-संस्थांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हा मोडेम कारखान्यातून जसा आला तसा आपल्या गावात चालेलच असे नसे. पहिली अडचण परवानगीच्या स्वराची. रिसीव्हर उचलल्यावर जो अखंड स्वर ऐकू येतो, तो ऐकल्यावाचून नंबर फिरवू नये, अशी मोडेमची मूळ शिकवण होती. परंतु तो स्वर कसा असावा याची त्याची कल्पना परदेशातली असे. आपल्याकडील एक्सचेंजचा स्वर त्याहून वेगळा पडला, म्हणजे तो स्वर स्वच्छ वाजत असतानाही मोडेम ‘स्वर नाही’ असे कळवून मोकळा होई. जाणता मनुष्य मग ‘एक्स ३’ ही आज्ञा देई. तिचा अर्थ असा की, तुला अपेक्षित असलेल्या स्वराचा हट्ट धरू नकोस, नंबर फिरव. दुसरी अडचण नंबर फिरविण्याच्या पद्धतीची. जुन्या एक्सचेंजला तारेवरचे ठोकेच कळत, नव्याला सूर कळत. जिथे जी भाषा तिथे ती आज्ञा. तिसरी अडचण धीराची. समोरून उत्तर येईपर्यंत किती क्षण थांबावे याचा आकडा एका ठरीव खणात लिहिलेला असे. लांबच्या आणि खराब तारेसाठी तो वाढवावा लागे.

यांपैकी पहिल्या अडचणीत एक नैतिक धडा दडलेला आहे. समोरचा बोलत असतो, परंतु आपल्या परिचयाच्या स्वरात बोलत नाही. आणि आपण ‘तो बोलतच नाही’ असा निर्णय देऊन टाकतो. हिंदी अधिकारी मराठी शेतकऱ्याविषयी हा निर्णय देतो, शहरातला मराठी प्राध्यापक सौंसरच्या मराठीविषयी देतो, आणि कोकणीला केवळ बोली म्हणणाऱ्यांनीही पुष्कळ वर्षे हाच निर्णय दिला. कोकणीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत १९९२ साली झाला. परंतु ती भाषा त्या वर्षी जन्माला आली असे कोणी म्हणणार नाही. स्वर होताच. तो ऐकण्याची जुळवणी झालेली नव्हती. जुळवून घेण्याचे हे पहिले रूप आहे, आणि त्याला मर्यादा घालण्याचे काही कारण दिसत नाही. दुसऱ्याचा स्वर ओळखावयास शिकल्याने आपले काहीच जात नाही.

दुसरे रूप वेगाचे. त्या काळच्या मोडेमवर ५६,००० हा आकडा छापलेला असे. दर सेकंदाला इतके अंक येतील, असा त्याचा अर्थ. परंतु खांबांवरून आलेली, पावसात भिजलेली, सांध्यासांध्याला गंजलेली तार असली म्हणजे दोन्ही मोडेम ३३,६०० वर उतरत, २८,८०० वर उतरत, कधी त्याहूनही खाली येत. इथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, वेग उतरला तरी संदेश उतरत नसे. पत्रातले एक अक्षरही त्या पायी गळत नसे. उलट, प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळ्याचा एक आकडा पाठविला जाई. तो जुळला नाही तर घेणारा ‘पुन्हा सांगा’ म्हणे आणि देणारा तेच पुन्हा सांगे. त्यात एकाला कमीपणा नव्हता आणि दुसऱ्याला त्रागा नव्हता.

आपल्या संतांनी नेमके हेच केले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ते संस्कृताहून खाली उतरणे होते असे त्या काळच्या पंडितांना वाटले असेल. परंतु अर्थ मात्र तिळभरही खाली आला नाही. नामदेव महाराज पंढरपुराहून निघून पंजाबापर्यंत गेले, आणि तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या पदांची भाषा पंढरपूरची नाही, लिपी गुरुमुखी आहे. तरीही त्यांतून विठ्ठलाचे नाव गेलेले नाही. पांढुर्ण्याच्या मराठी माणसाला हिंदी मुलखात कसे राहावे याचा धडा हवा असेल, तर तो नामदेवांपाशी आहे.

परंतु याच ठिकाणी एक फसवी वाट फुटते, आणि मंदिर-परंपरेतल्या आपणा लोकांना तिच्याविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. श्रोत्याच्या अधिकाराप्रमाणे उपदेश करावा, असे आपले शास्त्र सांगते. त्याचा सरळ अर्थ एवढाच की, ज्याला सावकाश कळते त्याला सावकाश सांगावे. मात्र इतिहासात अनेकदा त्याचा अर्थ असा केला गेला की, ज्याला सावकाश कळते त्याला थोडेच सांगावे, किंवा मुळीच सांगू नये. वेग कमी करणे ही करुणा आहे. संदेश कापणे ही वंचना आहे. बाहेरून पाहिले तर दोन्ही कृती सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत बोलणारा खाली वाकलेला असतो. म्हणून पडताळा घ्यावा लागतो. आपण जे सांगितले ते समोरच्यापाशी पूर्ण पोचले काय, असे विचारण्याची ज्याची तयारी नाही, त्याने आपण जुळवून घेतले असे म्हणू नये.

आता अधिक कठीण भाग येतो. वेग कोणी उतरवावा? मोडेमच्या बाबतीत उत्तर निःसंदिग्ध आहे. ज्याला ५६,००० येते तो २८,८०० वर उतरू शकतो. ज्याला २८,८०० च येते तो वर चढू शकत नाही. म्हणजे उतरण्याचे कर्तव्य समर्थाचे आहे. दुर्बळावर दया म्हणून ते आलेले नाही. उतरणे त्यालाच शक्य आहे, एवढ्यासाठी ते त्याच्याकडे येते. समाजात मात्र आपण याच्या उलट पाहतो. ज्याच्या हाती कचेरी आहे, शिक्का आहे, तो आपल्या जागी स्थिर बसतो, आणि अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाने आपली भाषा बदलावी अशी अपेक्षा करतो. ज्या १९५६ साली सीमा आखल्या गेल्या, त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घटनेत आला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे तो सांगतो. घटनाकारांना रेषा आखण्याचे परिणाम कळत होते. समर्थाने उतरावे हे तत्त्व त्यांनी लेखी मान्य केले. हे तत्त्व आपणही आपल्या ठिकाणी पाळले पाहिजे. मंदिरात उत्सवाची सूचना लागते तेव्हा समर्थ आपण असतो. जामसावळीला येणाऱ्या ज्या भाविकाला मराठी येत नाही, त्याच्यासाठी हिंदीत चार ओळी लिहिण्याने मराठीचा पराभव होत नाही.

दोघांनीही उतरण्याचे नाकारले म्हणजे काय होते, याची आठवण पांढुर्ण्याला दर वर्षी होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. ही गोटमार. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघे पाण्यातच मेले, अशी कथा सांगतात. कथा ऐतिहासिक असो वा नसो, तिचा आशय स्पष्ट आहे. दोन काठांच्या मध्ये जे दोन जीव बोलू पाहत होते तेच मेले. काठ मात्र जागच्या जागी राहिले. आजही या प्रथेत कित्येक माणसे जखमी होतात, आणि जीवही गेलेले आहेत. झेंडा निघाल्यावर तो चंडीमातेच्या मंदिरात नेतात आणि दोन्ही गावे मिळून पूजा करतात. हा समेट खरा आहे. परंतु तो दगडांनंतर येतो. तो दगडांच्या आधी आला असता तर कथाच घडली नसती, हे देवीपुढे हात जोडणाऱ्या कोणालाही अमान्य होणार नाही.

येथवर आपण जुळवून घेण्याच्या बाजूने बोललो. आता बाण्याची बाजू पाहावयाची. मोडेममध्ये जुळवणी दोन ठिकाणी राहते. एक चालू संभाषणापुरती. ती वीज गेली किंवा ‘एटीझेड’ ही आज्ञा दिली की पुसली जाते. दुसरी त्याच्या कायमच्या स्मृतीत लिहिलेली. ‘एटीझेड’ दिल्यावर मोडेम त्या लिहिलेल्या स्थितीला परत येतो. कायमच्या स्मृतीत काही लिहावयाचे तर त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ते आपोआप लिहिले जात नाही. ज्याने काहीच लिहिले नसेल, त्याचा मोडेम कारखान्यातून जसा निघाला त्याच स्थितीला परत जातो, आणि ती स्थिती आपल्या गावातली नसते.

माणसाचेही असेच आहे. दिवसभर हिंदीत व्यवहार करणे, वरिष्ठांशी इंग्रजीत बोलणे, ही संभाषणापुरती जुळवणी झाली. तीत आत्मलोप होत नाही. आत्मलोप होतो तो संध्याकाळी परत येण्यासारखे आत काही लिहून ठेवलेले नसते तेव्हा. कोचीच्या तिरुमला देवस्वमाभोवती वसलेल्या गौड सारस्वतांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून निघाले. बाजारात ते मल्याळम बोलू लागले. कोकणीसुद्धा मल्याळम लिपीत लिहू लागले. मंगळूरकडच्यांनी कन्नड लिपी धरली. लिपी बदलली, उच्चार बदलले, शेजारचे शब्द आले. परंतु घरात आणि देवळात कोकणी राहिली, आणि शतके गेल्यावरही ती माणसे आपल्या भाषेत आपल्या देवाशी बोलतात. त्यांनी बाहेर पुष्कळ जुळवून घेतले, कारण आत काय लिहिलेले आहे याविषयी ती निश्चिंत होती. आत काहीच नसणारा मनुष्यच बहुधा बाहेर हेकटपणा करतो. एकदा वाकलो तर परत येता येणार नाही, ही भीती त्याला वाकू देत नाही.

म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या आईबापांपुढे खरा प्रश्न ‘मुलाने हिंदी बोलावे की नाही’ हा नाही. ते बोलणारच, आणि चांगले बोलले पाहिजे. प्रश्न असा की, त्याच्या आत मराठी कोणी लिहिली काय? शाळा लिहीलच असे नाही. बाजार लिहिणार नाही. आजीने हरिपाठ म्हणून घेतला असेल, वडिलांनी नागपूरचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयास लावले असेल, काकड आरतीला पहाटे उठविले असेल, तर लिहिली गेली. नसेल, तर त्या मुलाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एक गोष्ट राहिली. संभाषण चालू असताना मोडेमकडे जे येईल ते तो समोरच्याला पाठवितो. मग मध्येच त्याची स्वतःची जुळवणी तपासावयाची असेल तर काय करावे? त्यासाठी तीन अधिकचिन्हांची खूण ठरविलेली होती. परंतु तीच तीन चिन्हे एखाद्या पत्रातही येऊ शकतात. म्हणून नियम असा केला की, खुणेच्या आधी एक सेकंद आणि नंतर एक सेकंद संपूर्ण मौन हवे. मौनाने वेढलेला शब्द स्वतःसाठी. मौनावाचूनचा शब्द लोकांसाठी. हेज कंपनीकडे या युक्तीचे पेटंट होते. ते टाळण्यासाठी काही उत्पादकांनी मौनावाचूनची रीत काढली, आणि त्यांच्या मोडेमवर असा प्रसंग येऊ लागला की, पत्राच्या मजकुरातच ती खूण आणि पुढे आज्ञा आली की मोडेम मध्येच फोन ठेवून देई. दुसऱ्याचा शब्द तो स्वतःला झालेली आज्ञा समजे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. दुसऱ्याला न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे बोलणे, एवढे सांगून भगवान थांबत नाहीत; त्याला ते स्वाध्यायाचा अभ्यास जोडतात. पहिले चार गुण समोरच्याशी बोलण्याचे आहेत. पाचवा स्वतःकडे वळण्याचा आहे, आणि तरीही तो वाणीच्याच तपात घातलेला आहे. कारण ज्याला दिवसातून दोन क्षण गप्प राहून आपली जुळवणी तपासता येत नाही, तो हळूहळू प्रत्येक मोठ्या आवाजाला आज्ञा समजू लागतो. संध्या, जप, देवळातली शेजारती झाल्यावरची शांतता, यांचा उपयोग पारलौकिक असेल तो असो. इहलोकीचा उपयोग एवढा निश्चित आहे.

तेव्हा मर्यादा अशी सांगता येईल. दुसऱ्याचा स्वर ओळखण्यासाठी कितीही बदलावे. वेग समर्थाने उतरवावा, आणि आपण जेथे समर्थ असू तेथे आपण उतरवावा. संदेश कापू नये, आणि तो पोचला की नाही हे विचारावे. आणि बाहेर काहीही बदलले तरी आत काय लिहिलेले आहे ते अधूनमधून मौनात पाहावे. पाहिल्यावर तेथे काहीच आढळले नाही, तर त्या दिवशी लिहावयास बसावे. भाषा असो की धर्म, ते लिहिण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करीत नाही.